रात्र नसलेल्या गावात रात्रपाळी

मार्चच्या शेवटी एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा मेसेज आला. ‘स्पर्धेतली तुमची कथा वाचली होती. यंदा आमच्यासाठी एखादी पाठवा. पंधरा ऑगस्टपर्यंत, तीन हजार शब्दांत. छापूच असं नाही, पण बघू.’ त्या स्पर्धेत मला उत्तेजनार्थ मिळालं होतं. त्याआधी तीन कथा तीन ठिकाणी पाठवल्या होत्या. एक साभार परत आली, दोन परतसुद्धा आल्या नाहीत. त्यामुळे ‘पण बघू’ एवढ्यावरच मी घरभर नाचले.

मराठीत कथा लिहिणाऱ्यांची दिवाळी ज्येष्ठ-आषाढातच सुरू होते. फराळाच्या ताटाशेजारी जे वाचायचं, ते पाऊस कोसळत असताना लिहायचं. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला, त्यातल्या मंडळींनीही बहुधा ओली छत्री कोपऱ्यात उभी करूनच लिहिलं असेल. माझ्या वाट्याला मात्र ऊन आलं. तेही रात्री पाऊण वाजताचं.

आम्ही ट्रॉम्सोला आलो ते ऑक्टोबरमध्ये. नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्याही सुमारे साडेतीनशे किलोमीटर वर, एका बेटावर वसलेलं हे शहर. नवरा इथल्या विद्यापीठात समुद्री जिवांवर संशोधन करतो. मी अर्धा दिवस बालवाडीत काम करते आणि उरलेला अर्धा दिवस नॉर्वेजियन क्रियापदांशी भांडते. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य गेला तो जानेवारीच्या मध्यावर परत फिरला. डोंगर आड येत असल्यामुळे गावाला त्याचं तोंड दिसतं २१ जानेवारीला, आणि त्या दिवशी सगळीकडे गोड बन वाटतात. मी दोन खाल्ले, नवऱ्याचा अर्धा खाल्ला आणि ठरवून टाकलं की लिहायचं ते उन्हाळ्यात. त्या अंधारात माझ्याच्यानं किराणा मालाची यादीसुद्धा धड लिहून होत नव्हती.

“उन्हाळ्यात तर रात्रच नाही,” नवरा म्हणाला. “चोवीस तास आहेत तुला. लिही किती लिहायचं ते.” संशोधक माणूस, गणित बरोबर होतं. मलाही पटलं.

आता कथा काय होती ते सांगते, कारण घोळ तिथेच झाला. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. ऊस, थोडा गहू, दोन म्हशी. शेतीपंपाची थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा यायची, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की अण्णा जेवून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, एका हातात बॅटरी आणि खांद्यावर खोरं घेऊन पाण्याला जायचे. रात्रभर दारं धरायची. एक सरी भरली की तिचं तोंड बुजवायचं, पुढचीचं फोडायचं. माझ्या कथेत असाच एक बाप आहे, आणि त्याची चौदा वर्षांची मुलगी एका रात्री बॅटरी धरायला सोबत जाते. त्या रात्री बापाच्या तोंडून एक गोष्ट निघते. दिवसाउजेडी ती कधीच निघाली नसती. अंधारात एकमेकांची तोंडं दिसत नाहीत म्हणूनच तो बोलतो. काय बोलतो ते इथे सांगत नाही. छापून आली तर वाचालच.

म्हणजे कथेला अख्खी एक रात्र लागत होती, आणि मी ती लिहायला बसले होते अशा गावात, जिथे साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही.

सुरुवातीचे दिवस नुसत्या कौतुकात गेले. आमचं भाड्याचं घर बेटासमोरच्या किनाऱ्यावर, ट्रॉम्सडालेनमध्ये आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडी दिसते आणि खाडीवरचा तो कमानदार पूल, १९६० साली बांधलेला, किलोमीटरभर लांब. त्याच खिडकीला मी टेबल लावलं. घड्याळातल्या बाराला इथे खरी मध्यरात्र होत नाही. उन्हाळ्याचं पुढे सरकवलेलं घड्याळ आणि गावाचं रेखांश यांचा हिशेब केला, तर सूर्य सगळ्यात खाली येतो तो पाऊण वाजता, बरोबर उत्तरेला. २१ जूनला तो तेव्हाही क्षितिजाच्या तीन अंश वर असतो. हात लांब करून दोन बोटं आडवी धरली की तेवढंच अंतर. मग खाली न बुडताच तो उजवीकडे सरकून पुन्हा चढायला लागतो. पहिल्यांदा हे पाहताना मला, कोणी चप्पल घालून दारापर्यंत जावं आणि ‘जाऊ दे’ म्हणून परत यावं, तसं वाटलं.

लिहायला बसायचे रात्री नऊला. भांडी झालेली, नवरा झोपलेला. बाहेर दुपारी चारचं ऊन. मान वर करून बघावं तर दोन वाजलेले आणि बाहेर तेच, दुपारी चारचंच ऊन. झोप यायची नाही. भूक भलत्या वेळी लागायची. एकदा पहाटे तीनला पोहे करून खाल्ले. पहाटे म्हणायचं ते घड्याळ म्हणतं म्हणून. खाली रस्त्यावर पोरं सायकली चालवत असायची. समोरच्या घरातल्या आजी, सत्तरीच्या तरी असतील, रात्री अकराला शिडी लावून घराची फळी-फळी लाल रंगवायच्या. मी खिडकीतून हात केला तर म्हणाल्या, उजेड आहे तोवर करून घेते. उजेड आणखी महिनाभर जाणार नव्हता.

जूनच्या विसाव्यापर्यंत माझे चौदा हजार शब्द झाले. तीन हजारांच्या कथेचे चौदा हजार! मी नवऱ्याला आकडा सांगितला, त्यानं भुवया उंचावल्या आणि विचारलं, “संपली का?” संपली नव्हती. मुलगी आणि बाप अजून बांधावरही पोचले नव्हते. वाटेत मी एक निंबाचं झाड, एक पडकी विहीर, गावचा सगळा राजकीय इतिहास आणि मुलीच्या आईचं माहेर एवढं लिहून काढलं होतं. दिवस संपतच नाही म्हटल्यावर थांबायचं कुठे? गावाकडे माझं लिहिणं कसं चालायचं ते आठवलं. साडेसहाला दूध तापवायचं, सात वाजता अण्णांचा चहा, मधल्या अर्ध्या तासात एक पान. ते एक पान आजच्या बारा पानांपेक्षा बरं असायचं.

मग मी बोटीला घड्याळ केलं. नॉर्वेच्या किनाऱ्यानं एक बोटसेवा चालते, १८९३ पासून, नाव हुर्टिगरूटेन. आपल्याकडे पूर्वी मुंबईहून कोकणात बोट जायची, तसलीच, पण बारमाही. दक्षिणेकडे जाणारी बोट पावणेबाराच्या सुमारास पुलाखालून येते, धक्क्याला लागते आणि दीडला निघते. बोट दिसली की वही बंद, असा नियम केला. नियम बरा चालला. फक्त बोट लागल्यावर ‘अजून दीड वाजायचाय की’ म्हणून मी पुन्हा वही उघडायचे, आठवड्यातून चार वेळा तरी.

ती चौदा हजार शब्दांची थप्पी मी एका रविवारी सलग वाचली. एक वाक्य इथे देते, लाज सोडून: ‘काळ्याकुट्ट रात्रीने रानावर मखमली चादर पांघरली होती.’ असली एकवीस वाक्यं मोजली. चांदण्यांचा सडा होता, किर्र अंधार होता, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधारही होता. ज्या बाईचं अर्धं लहानपण बिनलाईटच्या घरात गेलं, तिला अंधाराबद्दल स्वतःचं असं एक वाक्य येऊ नये? खिडकीबाहेर बघावं तर लखलखाट. आठवून लिहावं म्हटलं तर आठवणीतसुद्धा ऊन घुसलेलं.

अंधार आणायचे मी बरेच उपाय केले. सोपा उपाय इथले सगळेच करतात: खिडकीला जाड काळे पडदे. ते होते, पण कडेनं रेघेरेघेनं उजेड आत यायचाच. पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद आणून काचांना चिकटवला. चार दिवसांत त्याचे कोपरे सुटले, आणि घरमालकिणीनं खालून बघून अगदी नम्रपणे विचारलं की काचेत काही दोष आहे का. शेवटी राहिलं न्हाणीघर. आमच्या न्हाणीघराला खिडकी नाही. एका रात्री मी दिवा बंद करून, दाराखाली टॉवेल कोंबून, आत फरशीवर जाऊन बसले. इथे न्हाणीघराची फरशी आतून तापवलेली असते, त्यामुळे बूड गरम, डोक्यावर पंख्याची घरघर, आणि साबणाचा वास. अंधार अगदी अस्सल होता. पण त्यात ऊस नव्हता. दहा मिनिटांनी नवऱ्यानं दार वाजवलं. त्याला खरंच जायचं होतं.

२३ जूनला संध्याकाळी इथे सांक्तहान्स असतो, किनाऱ्यावर होळ्या पेटवतात. मी फार आशेनं गेले. होळी म्हणजे अंधार आलाच, असं डोक्यात पक्कं बसलेलं. फळकुटांचा माणसाहून उंच ढीग रचलेला होता. पेटवला, आणि काही दिसेना! रात्रीच्या साडेदहाच्या उन्हात ज्वाळेला रंगच नव्हता. नुसती हवा थरथरत होती आणि पलीकडच्या माणसांचे गुडघे पाण्यात दिसावेत तसे हलत होते. पेटलंय हे मला आधी कळलं ते गालाला लागलेल्या धगीनं, मग लाकडं तडकण्याच्या आवाजानं. लोक काठीला सॉसेज लावून भाजत होते. मी घरी येऊन हे वहीत टिपलं, कथेसाठी म्हणून नव्हे, असंच. पुढे ते कामाला आलं.

जुलैच्या सुरुवातीला हाताचं झालं. ट्रॉम्सोत रस्त्याच्या कडेला, पडक्या जागेत, कुठेही एक झाड उगवतं. झाड म्हणजे गवतच, पण पुरुषभर उंच, वर पांढऱ्या फुलांची छत्री. गमतीनं त्याला इथे ‘ट्रॉम्सोचा पाम’ म्हणतात. मला ती छत्री शेपूच्या फुलोऱ्यासारखी वाटली. चार दांडे तोडून आणले आणि फुलदाणीत ठेवले. त्या झाडाचा चीक अंगाला लागून वर ऊन पडलं की कातडी भाजते, हे बालवाडीतल्या चार वर्षांच्या पोरांनाही ठाऊक असतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ऊन तर चोवीस तास होतं. दुसऱ्या दिवशी उजव्या मनगटावर आणि दोन बोटांवर लिंबाएवढे फोड. डॉक्टरांनी मलम दिलं, हात झाकून ठेवायला सांगितलं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, “उन्हात जाऊ नका.” कधी जाऊ, ते सांगितलं नाही.

टाइप करता येईना. पंधरा ऑगस्टला साडेपाच आठवडे उरलेले. तेव्हा फोनवर बोलून मराठी उमटवायची सोय वापरायला लागले. हा प्रकार ज्यांनी केला नसेल त्यांनी एकदा करून बघावा. मी म्हणायचे ‘पाणी सरीत सोडलं’, ते लिहायचं ‘पाणी सॉरीत सोडलं’. ‘खोरं’चं ‘खरं’ व्हायचं, ‘बांधावर’चं ‘बंदावर’. ‘दारं धरली’चं एकदा ‘दारू धरली’ झालं आणि बापाचं चारित्र्यच बदललं. अन् मग मी ते वाक्य म्हटलं: काळ्याकुट्ट रात्रीने रानावर मखमली चादर पांघरली होती. काना-मात्रा न चुकता, एका दमात, बिनचूक उमटलं. मी फोनकडे बघतच राहिले. मशीनला माझ्या गावचा एक शब्द कळत नव्हता, पण हे वाक्य तोंडपाठ होतं. कुणी ना कुणी हजार वेळा म्हटलेलं असणार.

ती एकवीस वाक्यं मी त्याच रात्री डाव्या हातानं खोडली. मोठ्यानं म्हणून बघितल्यावर आणखी बरीच गेली. आपण लिहिलेलं आपल्याच तोंडून ऐकताना जीभ जिथे अडखळते, तिथे काहीतरी खोटं असतं. चौदाचे सहा हजार झाले. पण रात्र नव्हतीच. खोडलेल्या जागी काय घालायचं?

त्याच आठवड्यात एकदा रात्री पाऊण वाजता अण्णांना फोन लावला. उन्हाळ्यात भारत आमच्या साडेतीन तास पुढे, म्हणजे तिकडे सव्वाचार. अण्णा चारला उठतात हे माहीत होतं. फोन उचलला तर मागे काहीतरी खळखळत होतं.

“रानात आलोय,” अण्णा म्हणाले. “पावसानं ओढ दिलीया. लाईट रात्रीची हाय ह्या हप्त्यात.”

“या वयात? दादाला पाठवायचं की.”

“त्यो गेलाय पुण्याला. तुझं काय काम हुतं? एवढ्या रात्री जागी कशी तू?”

इकडे ऊन आहे म्हणून जागी, हे त्यांना आजवर पटलेलं नाही. मी विचारलं, “अण्णा, तिथं आत्ता अंधार कसा आहे?”

“कसा म्हंजे?”

“म्हणजे कसा दिसतोय?”

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, “अंधार कोण बघत बसतंय गं? पाणी बघायचं असतंय. तेबी कानानं.”

“कानानं कसं?”

“थांब.”

त्यांनी फोन खाली धरला असावा. आधी नुसती खरखर. मग लक्षात आलं की ती खरखर फोनची नव्हती. कोरड्या सरीत पाणी शिरताना होते ती होती, बारीक, चुरचुर, तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी. भेगाळलेली माती पाणी ओढून घेत होती आणि बुडबुडे वर येत होते. ते पुढेपुढे जात होतं. मग आवाज बारीक झाला, आणि थांबला. फोनमध्ये काहीच नाही. एक पाऊल चिखलातून निघाल्याचा आवाज, खोऱ्याचा एक घाव, आणि पुन्हा चुरचुर, या वेळी जरा लांबून.

“ऐकलंस?” अण्णा म्हणाले. “गप झालं की भरली. मग फुडची फोडायची. बॅटरी कशाला लागतीया? बॅटरी जनावरासाठी.” जनावर म्हणजे साप. रात्री नाव घेत नाहीत. “आन् पाय हायतच की. हिरीचं पाणी रातचं कोमट लागतंय. जिथं गार लागलं तिथं पाणी मुरून उभं हाय, समजायचं.”

मी खिडकीत बसले होते. उत्तरेकडून ऊन सरळ डोळ्यांत येत होतं, खाडीत बोट धक्क्याला लागलेली, समोरच्या आजींचा रंगाचा डबा शिडीवर तसाच. कानात वाळव्याची रात्र. पुढची पाच-सहा मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही. अण्णांना वाटलं असावं फोन कटला, कारण मध्येच ते स्वतःशी एक-दोन शब्द बोलले. तेही मी ऐकले. कथेत बाप ज्या आवाजात बोलतो, तो तिथून आला.

जुलैचे तीन आठवडे मी ती कथा पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहिली, बोटांचे फोड सुकत गेले तसतशी. नियम एकच ठेवला: मुलीला काही दिसत नाही. बॅटरी बापाकडे, ती त्याच्या मागे. तिला आवाज ऐकू येतात, पायाला ओल लागते, उसाची पात हाताला कापते, बापाच्या टॉवेलला बिडीचा वास येतो. सांक्तहान्सच्या होळीची टिपणंही इथे कामाला आली, कारण शेवटी बांधावर बाप पाचट पेटवतो, तेव्हाही मुलीला आधी गालावर धग लागते. त्या होळीवरून मी हे उचललं, हे वाळव्यात कुणाला सांगितलं तर हसतील.

जुलैत इथे सगळं गाव सुट्टीवर जातं. दुकानातले ओळखीचे चेहरे नाहीसे होतात, त्यांच्या जागी क्रूझ जहाजांतून उतरलेली माणसं. आणि उन्हाळा म्हणून काय असतं? बारा-तेरा अंश हे इथलं जुलैचं सरासरी तापमान. एक आठवडाभर नुसता पाऊस आणि धुकं होतं, पूलसुद्धा दिसेना. तो माझा सगळ्यात चांगला आठवडा. छत्री कोपऱ्यात उभी करून लिहिलं.

अधूनमधून वाचनालयात जायचे. एका जुन्या चित्रपटगृहाचं, त्याचं कमानींचं काँक्रीट छप्पर तसंच ठेवून, वाचनालय केलंय. चारी बाजूंना काचा. तिथे मराठी पुस्तकं नाहीत, अपेक्षाही नव्हती, पण खुर्च्या बऱ्या आहेत आणि कोणी हटकत नाही. तिथल्या कपाटात कोरा सांडेल भेटली. या गावात वाढलेली नॉर्वेची लेखिका. १८८० चा जन्म, बारा वर्षांची असताना इथे आली, पुढे चित्रकार व्हायला पॅरिसला गेली, आणि पहिली कादंबरी आली १९२६ मध्ये. मी कागदावर वजाबाकी केली. माझं वय एक्केचाळीस. अजून चार-पाच वर्षं हाताशी आहेत, असं म्हणून मी कॉफी प्यायले. तिची कादंबरी माझ्या नॉर्वेजियनमध्ये दीड पानापुढे सरकली नाही.

जुलैच्या चौथ्या आठवड्यात सूर्य पहिल्यांदा मावळला. मला पत्ताही लागला नाही, ढग होते. मावळला तरी अंधार थोडाच होतो? ऑगस्टच्या मध्यापर्यंत रात्रभर संधिप्रकाशच असतो, वर्तमानपत्र वाचता येईल इतका. पण रंग बदलायला लागले. समोरच्या आजींचं लाल घर रात्री अकराला जरा विटकरी दिसायचं. त्यांचा रंग देऊन झाला होता. शिडी आत गेली होती.

शेवटचा हात फिरवत होते तो तेरा ऑगस्ट. तीन हजार एकशे दहा शब्द. एकशे दहा कुठून काढायचे? निंबाचं झाड अजून शिल्लक होतं. ते फार आवडतं होतं मला, आमच्याच दारातलं. काढलं. उरलेले वीसेक शब्द बापाच्या तोंडचे काढले. तो तसाही जास्त बोलत होता. मग छापून घेतलेला कागद शेवटचा म्हणून वाचायला घेतला, आणि दोन ओळींनंतर मला वाटलं डोळ्यांना काहीतरी झालंय. अक्षरं राखाडी दिसत होती. कागद खिडकीजवळ नेला. तरी तेच.

दिवा लावायला हवा होता. टेबलावरचा दिवा मी मेनंतर लावलेला नव्हता. त्याचं बटण वायरवर असतं की बुंध्यावर, तेच आठवेना. हात बुंध्यावरून फिरवला, मग वायरीवरून, मग टेबलाच्या मागे, भिंतीशी. न बघता. बोटांवरची नवी कातडी अजून गुळगुळीत होती, नीट कळत नव्हतं. शेवटी ते सापडलं वायरीच्या मधोमध, फ्रीजच्या मागे पडलेलं.

चौदाला कथा पाठवली. सोळाला उत्तर आलं: ‘मिळाली. युनिकोडमध्ये पाठवलीत ते बरं केलंत. वाचून कळवतो.’

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, “कळवू देत. हितं पाऊस लागलाय.”